ऐन आंब्याच्या हंगामात इंटर्नशिप

प्रश्न: माझी मुलगी रत्नागिरीला बायोटेक्नॉलॉजी घेऊन टी.वाय.बी.एस्सी. करते आहे. नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ब्रेन ट्यूमरवर काम करणारी लॅब आहे, तिथे तिला मे-जून अशी दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. स्टायपेंड नाही. आमची देवगडला कलमांची बाग आहे, मेमध्ये घरात माणूस कमी पडतं. हे म्हणतात, ऐन हंगामात कसली इंटर्नशिप? मोठा मुलगा गेल्या मेमध्ये कोर्ससाठी पुण्याला होता, तेव्हाही ओढाताण झाली होती. पुतण्या एका लॅबमध्ये काही दिवस होता, तो म्हणतो, "थय नुसते बाटले धुवक लावतत." शिवाय कॅन्सरच्या पेशी हाताळायच्या म्हणजे भीती वाटते. तिचे मामा ब्रेन ट्यूमरने गेले, तेव्हापासून तिला यावर औषध शोधायचं आहे. राहायची सोय डोंबिवलीला आत्याकडे होईल. दोन महिन्यांत तिला नक्की काय मिळणार? — एक आई, देवगड

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. औषध मिळणार नाही, आणि हे मुलीला जाण्याआधीच कुणीतरी सांगायला हवं. ब्रेन ट्यूमर हा मुळात एक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. काही गाठी ऑपरेशनने निघाल्या की माणूस पुढे वर्षानुवर्षं व्यवस्थित जगतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरचं तसं नाही. ती गाठ आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत इतकी शिरलेली असते की सर्जनला पूर्ण काढताच येत नाही, आणि बरीचशी औषधं रक्तातून मेंदूत पोचतच नाहीत. ऑपरेशन, रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध, हा आजचा नेहमीचा उपचार २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर रूढ झाला. त्या चाचणीत नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत पोचले, आणि हे औषधही मिळालेल्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांपर्यंत. अडीच महिन्यांचा फरक, पण जगभरच्या डॉक्टरांनी तो उचलून धरला. या क्षेत्राची चाल अशी आहे. ती सोसते का, हे कळायला दोन महिने पुरतात. माझ्या मते तिथे जाण्याचं खरं कारण तेच.

आता ती तिथे करणार काय? बहुधा पेशी वाढवायला शिकेल. ट्यूमरच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, लालसर पोषक द्रवात ठेवतात. या द्रवाला तिथे मीडिया म्हणतात. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी वाढत गेल्या की मीडिया आंबट होतो आणि रंग पिवळ्याकडे झुकतो, म्हणजे बदलायची वेळ झाली. हूडमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, हात घालताना दर वेळी ग्लोव्ह्जवर ७० टक्के अल्कोहोल मारायचं, बाटलीचं झाकण उलटं ठेवायचं नाही, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही. एक चूक झाली की दोन दिवसांनी मीडिया गढूळ, आणि दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात. जूनमध्ये बुरशीचा त्रास जास्त. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुतण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. सुरुवातीला बाटल्या, पिपेटला लावायची प्लास्टिकची टोकं (टिप्स) डब्यात भरणं, ट्यूबवर लेबलं लिहिणं हेच वाट्याला येतं. पण लेबलाला कमी लेखू नका. यू-८७ नावाच्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. त्या १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या उपसाला इथे एका रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या. २०१६ साली उपसालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ गाठीचा डीएनए सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यू-८७ शी ताडून पाहिला, तर तो जुळेना! पेशी मेंदूच्या ट्यूमरच्याच दिसतात, पण कुणाच्या हे कुणाला सांगता येत नाही. कधीतरी, कुठल्यातरी बाकावर अदलाबदल झाली असणार, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघत राहिले. तुमच्या मुलीला कुणी लेबल लिहायला बसवलं, तर तारीख, पेशीचं नाव, कितव्यांदा वाढवली तो आकडा आणि स्वतःची आद्याक्षरं, हे सगळं तिने लिहावं. मात्र तीन आठवडे झाले तरी हातात पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायचं साधन, दिलं नाही, तर तिने गाईडकडे जाऊन विचारायलाच हवं. कोकणातली मुलं इथे कमी पडतात. हुशारीत नाही, विचारण्यात.

धोक्याचं. कॅन्सर हवेतून किंवा स्पर्शाने लागत नाही. जपायचं ते दुसऱ्याच गोष्टींना: डीएनए रंगवायची काही रसायनं, हूडमधला अल्ट्राव्हायोलेट दिवा, उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. खुद्द टेमोझोलोमाइडही ग्लोव्ह्ज घालूनच हाताळायचं. लॅबमध्ये रुग्णाचं रक्त किंवा ऑपरेशनमधून आलेले गाठीचे तुकडे येत असतील, तर हिपॅटायटिस-बीची लस हवीच. तिचे डोस पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी असे असतात. मे यायला अजून दीड महिना आहे, त्यात पहिले दोन बसतात.

असे नमुने येतात ते कोड नंबर टाकून, नावाशिवाय. तरी एखाद्या दिवशी तिला मामा आठवतील. ते होऊ द्या. फक्त पुढे एम.एस्सी.च्या मुलाखतीला मामांची गोष्ट लांबवू नको म्हणावं. समोरचे विचारतील, "तू काय केलंस, आणि नाही जमलं तेव्हा काय केलंस?" याचं उत्तर तिच्या लॅबच्या वहीत असलं पाहिजे. सर्टिफिकेट सगळ्यांनाच मिळतं. तारीखवार लिहिलेली, फसलेले प्रयोगही न खोडलेली वही फार थोड्यांकडे असते. मूळ वही लॅबमध्येच ठेवून घेतात, म्हणून रोजचा सारांश तिने आपल्यापुरता वेगळा लिहावा. रुग्णांची माहिती आणि लॅबचे फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर नकोत.

हंगामाचं मी हलक्यात घेत नाही. मेमधल्या पेट्यांवर वर्ष निघतं. पण भाऊ कोर्सला गेला तेव्हा ओढाताण करून का होईना, तुम्ही निभावून नेलंत. तशीच ओढाताण हिच्यासाठी एकदा करायला हरकत नसावी. शिवाय मधला मार्ग आहे. बऱ्याच लॅब इंटर्नची तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलू देतात. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेली, तर तोवर तुमची बरीचशी तोड उरकलेली असेल. तारीख बदलत नसेल, तर मी मेच्या सुरुवातीलाच पाठवेन.

खर्चाची चौकशी नीट करा. काही संस्था स्टायपेंड देत नाहीत, वर प्रशिक्षण शुल्क घेतात. ते किती, हे आधी लेखी विचारा. आत्याचं घर प्रेमाचं, पण डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून रोज नवी मुंबई गाठायची म्हणजे संध्याकाळी सातला प्रयोग अर्धा टाकून निघावं लागेल, आणि पेशींना रविवारही कळत नाही. संस्था खारघर-बेलापूरच्या बाजूला असेल तर खारघर किंवा कामोठ्यात कॉट बेसिसवर जागा बघा. कणकवलीहून रात्री कोकणकन्येत बसली की पहाटे पनवेल, तिथून हार्बर लोकल. पैसे उसने काढावे लागत असतील, तर मात्र या वर्षी जाऊ नये असं मी म्हणेन. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या समर रिसर्च फेलोशिपमध्ये स्टायपेंड असतो. एम.एस्सी.ला असताना तिथे अर्ज करता येईल. आणि ग्लायोब्लास्टोमाच्या शेकडो गाठींची जनुकीय माहिती अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासमध्ये २००८ पासून खुली आहे. थोडं कोडिंग शिकून ती देवगडला बसूनही चाळता येते, रेंज असली तर.

पुढची वाट लांब आहे. एम.एस्सी.साठी गॅट-बी किंवा आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षा, मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. शेजारी विचारतील, "मुलगी डॉक्टर झाली का?" होईल, पण रुग्ण तपासणारी नाही. दोन महिन्यांनी ती म्हणाली की हे आपल्याला झेपणारं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा औषधांच्या चाचण्यांच्या समन्वयात बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्यांना काम असतं, आणि पेशी हाताळलेल्या माणसाला तिथे घेतात.

या आठवड्यात दोनच कामं करा. मुलीला लसीचा पहिला डोस द्या. आणि गाईडना ई-मेल जाऊ द्या: तारीख पुढे सरकेल का, शुल्क किती, रोज शिकवणार कोण, लसीची अट आहे का. तो तिलाच लिहू द्या, पुतण्याला नको.