कास्टिंग व्होट : ‘मत टाकणे’ नव्हे

‘कास्टिंग व्होट’चे भाषांतर ‘टाकलेले मत’ करावे की ‘निर्णायक मत’, आणि एका मताने निकाल फिरला तर त्या मताला कास्टिंग व्होट म्हणता येईल का, असा प्रश्न आहे.

‘टाकलेले मत’ चूकच. ‘कास्ट अ व्होट’मधला कास्ट म्हणजे टाकणे, देणे, ते कोणताही मतदार करतो. ‘कास्टिंग व्होट’मधला कास्टिंग हा पारडे झुकवणारा, निकाल लावणारा या अर्थाचा जुना विशेषणवजा वापर आहे. दोन्ही बाजूंना समसमान मते पडल्यावर, आणि तेव्हाच, सभेच्या अध्यक्षाला मिळणारे मत ते कास्टिंग व्होट.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०० मध्ये हे नेमके सांगितले आहे. लोकसभाध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती पहिल्या फेरीत मत देत नाहीत. समसमान मते झाली तर मात्र त्यांना असे मत असते आणि ते त्यांनी द्यायचे असते. ‘असेल’ आणि ‘वापरील’ अशी दोन्ही क्रियापदे तिथे आहेत, त्यामुळे तो नुसता ऐच्छिक अधिकार उरत नाही. राज्य विधिमंडळांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १८९ मध्ये आहे.

कंपनी कायद्याच्या ‘टेबल एफ’मधल्या नमुना नियमांत संचालक मंडळाच्या अध्यक्षाला ‘सेकंड ऑर कास्टिंग व्होट’ दिले आहे. तिथे अध्यक्ष संचालक म्हणून आपले पहिले मत आधीच देऊ शकतो; बरोबरी झाली की दुसरे. म्हणून ‘अध्यक्षाला एकच मत’ असे सरसकट समजू नये, त्या संस्थेचे नियम पाहावेत. नियमांत ही तरतूदच नसेल तर बरोबरीत अडकलेला ठराव साधारणपणे फेटाळला गेला असे धरतात, कारण त्याला बहुमत मिळालेले नसते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. एका मताचा फरक होता, पण बरोबरी झालीच नाही, म्हणून अध्यक्षांच्या मताचा प्रश्न आला नाही. तिथे फार तर ‘एका मताने निकाल फिरला’ म्हणावे. ब्रिटनमध्ये ३ एप्रिल २०१९ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) एका ठरावावरच्या दुरुस्तीला ३१०–३१० अशी समसमान मते पडली आणि अध्यक्ष जॉन बर्को यांनी त्या दुरुस्तीच्या विरोधात मत दिले. ते खरे कास्टिंग व्होट. अध्यक्षाने आपल्या मताने नवा बहुमताचा निर्णय घडवू नये, हा तिथला जुना संकेत त्यांनी पाळला.

मराठीत ‘निर्णायक मत’ रूढ आहे, पण ते एका मताच्या फरकालाही सर्रास वापरले जाते. संदिग्धता टाळायची तर ‘अध्यक्षांचे निर्णायक मत’ असेच लिहावे. इतिवृत्तात ‘बाजूने ५, विरोधात ४’ अशी बेरीज करून टाकू नये. बरोबरी झाल्याची नोंदच पुसली जाते. ‘बाजूने ४, विरोधात ४, अध्यक्षांचे निर्णायक मत बाजूने, ठराव मंजूर’ असे नोंदवावे.

निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मते पडली तर मात्र हा शब्द लागू नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ६५ प्रमाणे तिथे निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठ्या टाकून निकाल ठरवतात.