रामन यंत्रात थायरम दिसत नाही, पण चांदीचे नॅनोकण मिसळले की दिसतं, हे कसं?

सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात तेच हे बुरशीनाशक, थायरम. रामन यंत्र पदार्थावर लेझर टाकतं आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग कसा बदलला यावरून पदार्थ ओळखतं. पण या रंगबदलात, म्हणजे रामन परिणामात, मुळात साधारण कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच रंग बदलून परततो. मग पाण्यातलं चिमूटभर औषध दिसणार कसं?

चांदीच्या कणावर लेझर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात आणि पृष्ठभागालगतचं विद्युतक्षेत्र जबर वाढतं. खरी गंमत दोन कणांच्या फटीत. फट एखाद्या नॅनोमीटरची (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तर तिथल्या रेणूचा संकेत लाखो पटींनी वाढतो. रेणू मात्र कणाला चिकटलेला हवा. थायरममधलं गंधक चांदीला घट्ट धरतं, म्हणून ते सापडतं. सगळीच औषधं अशी सापडत नाहीत.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला खडबडीत चांदीवर हे पहिल्यांदा दिसलं. खडबडीतपणामुळे नुसते जास्त रेणू चिकटतात असं नाही, तर संकेतच वाढतो, हे १९७७ मध्ये उमगलं.

आपल्या मराठवाड्यात एक सांभाळा: बोअरचं जड पाणी चांदीच्या कणांच्या द्रावणात पडलं की क्षारांमुळे कण गोळा होऊन तळाशी बसतात. थोडे गोळा झाले तर उलट फायदाच, फटी वाढतात! पण ते मोजून-मापून, डिस्टिल्ड पाण्यात. चांदी काळवंडते म्हणून द्रावण ताजं वापरा. टिकाऊपणा हवा असेल तर सोनं बरं, फक्त संकेत जरा कमी.