पंचवीस फूट

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल संध्याकाळीच मिळाला. फोटो मोबाइलवर बघायचा नाही म्हणून घरी येईपर्यंत थांबलो आणि मग मोठ्या स्क्रीनवर उघडला. रुग्णालयाचं मागचं दार, दाराशी लागलेली गाडी, मागच्या सीटवर तो गायक, कपाळ पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेलं. फोटो विकणाऱ्या एजन्सीला उद्या सकाळी ‘हो’ की ‘नाही’ ते कळवायचंय. फोटो रस्त्यावरून काढलाय, कुंपण ओलांडलेलं नाही, मग मला झोप का येत नाही, असं तू विचारतेस. झोपेचं मी काय सांगणार? धंद्याचं सांगतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं की आपण, नामवंतांचे फोटो काढणारे, शिकारी आणि ती माणसं सावजं. दोन वर्षांत तुझ्या एवढं लक्षात आलं असेल की कितीतरी सावजं आपण होऊन वेळ कळवतात. अमुक वाजता, तमुक दारातून, असा निरोप त्यांच्याच पब्लिसिस्टकडून, म्हणजे त्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्याकडून, येतो. मग ती व्यक्ती त्या दारातून जरा सावकाश बाहेर पडते, आपल्याकडे न बघता पाच पावलं चालते आणि कपाळावर एक आठी आणते. ती आठी फोटोला लागते, नाहीतर ‘नकळत टिपलेलं’ कसं वाटणार? यात मी काही पाप बघत नाही. नवा चित्रपट येतोय, नवी गाणी येताहेत, माणसाला दिसत राहायचंय, आपल्याला फोटो हवाय. फक्त असला फोटो हाताशी आला की स्वतःला कर्तबगार समजू नकोस. तो तुला दिलेला असतो.

ही देवाणघेवाण जुनी आहे. न्यूयॉर्कचा नेपोलियन सरोनी हा एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार. रंगभूमीवरच्या नामवंतांचे फोटो काढायचे आणि त्यांच्या प्रती लोकांना विकायच्या, हा त्याचा व्यवसाय. त्यासाठी तोच नटनट्यांना पैसे द्यायचा. साराह बर्नहार्टला त्याने १५०० डॉलर दिल्याचं सांगतात. १८८२ साली त्याने लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, त्यातला एक कुणीतरी परस्पर छापून विकला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८८४ साली न्यायालयाने सांगितलं की वाइल्डला कसं बसवायचं, उजेड कुठून घ्यायचा, कपडे कसे दिसायला हवेत हे सरोनीने ठरवलं, म्हणून फोटोचा स्वामित्वहक्क सरोनीचा. चेहरा त्यांचा आणि फोटो आपला, हा घोळ तिथून सुरू आहे. आता तर तारे आपल्यासारख्याने काढलेला स्वतःचाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात आणि त्यांच्यावर खटले होतात. कायद्याने छायाचित्रकाराची बाजू बरेचदा भक्कम असते. मी मात्र असा दावा कधी केला नाही. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं तिच्यात दगड टाकू नये, एवढाच हिशेब. तुला पटला नाही तरी चालेल.

‘पापाराझी’, म्हणजे नामवंतांच्या मागावर असणारे छायाचित्रकार, हा शब्द आला इटालियन दिग्दर्शक फेडेरिको फेलिनीच्या १९६० सालच्या चित्रपटातून. त्यातल्या एका छायाचित्रकाराचं नाव होतं पापाराझो. त्या पात्रामागे जी खरी माणसं होती त्यांतला ठळक म्हणजे ताझिओ सेक्कियारोली. १९५८च्या ऑगस्टमध्ये रोमच्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर एका रात्रीत त्याने इजिप्तच्या पदच्युत राजाला, फारुकला, चिडवून अंगावर घेतलं आणि त्याच रात्री एका नटाशीही झोंबाझोंबी केली. हा त्याचा पराक्रम सगळे सांगतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. हाच माणूस नंतर जवळजवळ वीस वर्षं अभिनेत्री सोफिया लोरेनचा खासगी छायाचित्रकार होता. दाराबाहेर अंधारात उभा राहणारा माणूस दाराच्या आत गेला. मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला ती फितुरी वाटली होती. आता वाटतं, त्याला दारं बरोबर कळत होती.

रॉन गलेलाला ती कधी कळली नाहीत. किंवा कळूनही त्याने पर्वा केली नाही.

गलेलाबद्दल तू ऐकलं असशील. अर्धवट ऐकलं असशील म्हणून नीट सांगतो. न्यूयॉर्कचा हा छायाचित्रकार अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विधवेच्या, जॅकलिन केनेडी ओनॅसिसच्या, मागे वर्षानुवर्षं होता. ७ ऑक्टोबर १९७१ रोजी तिला रस्त्यावरून चालताना बघून तो टॅक्सीत बसला. त्याने सांगितल्याप्रमाणे टॅक्सीवाल्याने आपण होऊन हॉर्न वाजवला, तिने वळून बघितलं, वाऱ्याने केस चेहऱ्यावर आलेले, ओठांवर हसू उमटायच्या बेतात. कॅमेऱ्यामागे कोण आहे हे तिला अजून कळलेलं नाही. तो फोटो तू शोधून बघ, पाच मिनिटं बघ. मेकअपचा मागमूस नाही, उजेड साधा. ज्या बाईला हा माणूस नकोसा होता, तिचा इतका लोभस फोटो दुसऱ्या कुणाला क्वचितच जमला असेल. गलेला टॅक्सीतून उतरला, तिने त्याला ओळखलं, काळा चष्मा लावला, आणि तो क्षण संपला. म्हणजे ते हसू एका अनोळखी माणसासाठी होतं.

पुढे काय झालं? प्रकरण न्यायालयात गेलं. १९७२ साली न्यायाधीशांनी त्याला तिच्यापासून ५० यार्ड दूर राहायला सांगितलं. १९७३ साली अपिलात ते अंतर २५ फुटांवर आलं. त्याने तेही पाळलं नाही. १९८२ साली न्यायालयाचा अवमान केल्याचं ठरलं आणि तिचा फोटो यापुढे कधीही काढणार नाही असं त्याला लिहून द्यावं लागलं. मधल्या काळात नट मार्लन ब्रँडोने एका ठोशात त्याचा जबडा मोडला आणि पाच दात पाडले. त्यानंतर ब्रँडोच्या आसपास जाताना गलेला डोक्यावर अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट घालायचा. त्याचा तसा फोटोही आहे. लोक हसतात. मला तो बघून हसू येत नाही. हेल्मेट घालून कामावर जावं लागतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय, एवढं कळायला हेल्मेटच पुरेसं होतं. त्याचे फोटो पुढे संग्रहालयांत लागले, हेही खरं. आणि एक गंमत सांगतो: जॅकलिन स्वतः लग्नाआधी वॉशिंग्टनच्या एका वर्तमानपत्रासाठी कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडायची, लोकांना प्रश्न विचारून त्यांचे फोटो काढायची. कॅमेऱ्याची तिला भीती नव्हती. आपला फोटो कुणी, कधी, किती जवळून काढायचा, यात आपलं काहीच चालत नाही, हे तिला सोसत नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नातल्या ‘रस्त्यावरून’ या शब्दाकडे येऊ. तू किती फुटांवर होतीस? माझा अंदाज साठेक. आणि लेन्स? २०० मिलिमीटरची वाटते, त्यात क्रॉप केलंयस, म्हणजे कडा कापल्यास. म्हणजे पाय रस्त्यापलीकडे आणि डोळा गाडीच्या काचेला टेकलेला. गलेलाच्या वेळी न्यायालय फूटपट्टी लावू शकलं. लेन्सला फूटपट्टी लागत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १९९८ साली कायदा केला की बाहेर उभं राहून यंत्राच्या मदतीने एखाद्याचं आतलं खासगी आयुष्य टिपलंत तर तोही खासगीपणाचा भंग. त्याच्या आदल्या वर्षीच, ३१ ऑगस्टला, पॅरिसच्या बोगद्यात डायना गेली होती. त्या रात्री मागे लागलेल्या छायाचित्रकारांवरचे सदोष मनुष्यवधाचे आरोप फ्रान्समध्ये टिकले नाहीत, पण २००८ साली लंडनच्या ज्यूरीने तिच्या चालकाच्या बेदरकारीबरोबर मागच्या गाड्यांच्या बेदरकारीवरही बोट ठेवलं. आणि २००४ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिनच्या बाजूने निकाल देताना मान्य केलं की रस्त्यावर, बाजारात, घोड्यावर असतानाही माणसाला खासगी आयुष्य असतं. तेव्हा ‘रस्ता सार्वजनिक आहे’ हे वाक्य आपण समजतो तितकं पक्कं नाही. तुझ्याकडे नेमकं काय लागू आहे ते वकिलाला विचार, मला नको.

आजाऱ्याच्या अंथरुणाचं तर आणखी जुनं आहे. १८९८ साली जर्मनीचा माजी चॅन्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकार नोकराला पैसे चारून रात्री त्याच्या खोलीत शिरले आणि अंथरुणावरच्या प्रेताचा फोटो काढला. दोघांना शिक्षा झाली आणि जर्मनीत १९०७ साली माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क देणारा कायदा आला. हातात फ्लॅश आणि खिशात पैसे असले की माणूस कुठपर्यंत जाईल, हे ठरवायला लोकांना आपल्यामुळेच बसावं लागलं.

आता माझं. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

एका समारंभानंतर मागच्या दाराशी आम्ही तिघं उभे होतो. एक ज्येष्ठ अभिनेत्री बाहेर आली. शेवटच्या पायरीवर सँडलचा पट्टा तुटला आणि ती गुडघ्यावर आली. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. बोट शटरवर होतंच. चार फ्रेम. चौथ्या फ्रेममध्ये ती माझ्याकडे बघतेय, लेन्सकडे नाही, लेन्सच्या वर, जिथे माझं कपाळ असणार तिथे. दुसऱ्याने तिला उठवलं. माझा फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला, पैसे चांगले मिळाले. तिने तक्रार केली नाही, फोन केला नाही, काही नाही.

पण रेड कार्पेट तुला माहीत आहे. जमिनीवर टेप चिकटवून प्रत्येकाची जागा आखलेली, खांद्याला खांदा, सगळे नावाने ओरडतात, आणि येणारी व्यक्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका लेन्समध्ये बघत जाते. एका लेन्सला दोन सेकंद. ते दोन सेकंद डोळे मिळाले तर फोटो विकला जातो, नाही मिळाले तर तो कचरा. पुढची चार वर्षं ती बाई माझ्या डावीकडच्याच्या लेन्समध्ये बघायची, मग माझ्या उजवीकडच्याच्या. मधला मी तेवढा गाळलेला. चेहऱ्यावरचं हसू तसंच, रागाचा लवलेश नाही. माझ्याकडे तिचे त्या काळातले शेकडो फोटो आहेत, आणि सगळ्यांत ती शेजारच्याकडे बघतेय. एका संपादकाने मला विचारलंही होतं, तुझा फोकस कुठे असतो रे?

तर उद्या सकाळचं. माझं मत विचारतेस तर एजन्सीला ‘नाही’ म्हण. कारणं देत बसू नकोस, फोटो तांत्रिकदृष्ट्या कच्चा आहे म्हणून सांग. ते खोटंही नाही. ते घाई का करताहेत हेही समजून घे: आज तो फोटो एकट्या तुझ्याकडे आहे म्हणून त्याला भाव आहे. रुग्णालयातल्या कुणीतरी मोबाइलने काढलेला एक फोटो बाहेर आला, किंवा त्या गायकाने स्वतःच दोन ओळी लिहून बातमी सांगितली, की दुपारपर्यंत भाव पडला. ती त्यांची घाई आहे. तू ती अंगावर घेऊ नकोस.

आणि एक करू नकोस, हे मात्र हात जोडून सांगतो. त्याच्या पब्लिसिस्टला फोन करून ‘माझ्याकडे असा असा फोटो आहे, मी तो देत नाहीये’ असं चांगुलपणाने सुद्धा सांगू नकोस. पलीकडच्याच्या कानाला ती धमकी ऐकू येते. फोटो न छापण्याचे पैसे मागितले म्हणून इटलीत एका फोटो एजन्सीच्या मालकाला तुरुंगात जावं लागलंय. तुझ्या मनात पैसे नसतीलही, पण असा फोन एकदा केला की तुझं मन कोण तपासायला जातंय? मूळ फाइल ठेव, कुणाला दाखवू नकोस. मलाही दाखवायला नको होतीस खरं तर.

दाखवलीच आहेस म्हणून सांगतो. डाव्या बाजूच्या काचेत, मागच्या दिव्यामुळे, तू उमटली आहेस. मोठं करून बघ. वर आलेलं कोपर, कॅमेरा, पाठीवरची बॅग. एजन्सीने क्रॉपमध्ये ते कापलं असतं, भरपूर जागा आहे. गाडीच्या काचेतून काढताना पाठीमागे दिवा घेऊन उभं राहायचं नाही. पोलरायझर फिल्टरने प्रतिबिंब कमी होतं, पण दीडेक स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड जातो, रात्री परवडत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच गायकाचा जाहीर कार्यक्रम आहे म्हणालीस. पास मिळाला असेल तर लवकर जा आणि डाव्या टोकाची जागा धर. मी त्याला दोनदा टिपलंय. तो डावीकडून सुरुवात करतो, पहिल्या तिघा-चौघांना नीट बघतो आणि मधे पोचेपर्यंत कंटाळतो. फ्लॅशच्या बॅटऱ्या दोन जोड घे.