एक दिवस, एक फ्लॅश आणि 40 महेश्वरी साड्या: फोटोशूटचे नियोजन कसे करावे?

आपण लिहिले आहे की इंदुरातील एका दुकानदाराला ऑनलाइन विक्रीसाठी 40 महेश्वरी साड्यांचे फोटो एका दिवसात हवे आहेत, आणि आपल्यापाशी एक कॅमेरा, एक फ्लॅश, एक मॉडेल व मदतीला धाकटा भाऊ, एवढेच बळ आहे. अशी कामे मी याच शहरात केली आहेत. फोटो टिपायला फारसा वेळ लागत नाही. दिवस खाऊन टाकतात त्या अदलाबदली, म्हणजे साडीची, ब्लाउजची, दिव्याच्या जागेची आणि ऐनवेळी दुकानदाराच्या मताची.

माझ्या पहिल्या अशा कामात मी दुकानाच्या यादीप्रमाणेच निघालो. यादी किमतीच्या क्रमाने लावलेली होती, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक साडीला ब्लाउज आणि मागचा पडदा बदलावा लागला व दुपारी दोन वाजेपर्यंत जेमतेम 14 साड्या झाल्या. तेव्हापासून मी आधी कागदावर हिशेब मांडतो. निऱ्या नीट बसवून साडी नेसवायला दहा मिनिटे आणि फोटोंना पाच मिनिटे धरली, तर 40 साड्यांना 600 मिनिटे, म्हणजे सलग दहा तास लागतात, आणि त्यात जेवणही नाही. हा हिशेब दुकानदारासमोर ठेवला की तो स्वतःच तडजोडीला तयार होतो. निवडक 12 साड्या मॉडेलवर घ्याव्यात (तीन तास) आणि उरलेल्या 28 स्टँडवर पसरून प्रत्येकी सहा मिनिटांत (पावणेतीन तासांच्या आसपास). अडीअडचणींसाठी दिवस शिल्लक राहतो.

बाकीचे निर्णय आदल्या संध्याकाळी दुकानातच बसून संपवावेत. मॉडेलवरच्या साड्या किमतीने न लावता ब्लाउजने लावाव्यात. एक काळा आणि एक फिका सोनेरी, असे दोनच ब्लाउज बहुतेक साड्यांवर चालून जातात. साड्यांना त्याच रात्री इस्त्री व्हावी. प्रत्येक साडीच्या कोडाची चिठ्ठी तयार ठेवावी आणि त्या साडीचा पहिला फोटो चिठ्ठीसकट घ्यावा, नाहीतर शेकडो फोटोंत दोन जवळच्या मोरपंखी छटा ओळखण्यात पुढची रात्र जाते. त्याच फोटोत करड्या रंगाचे ग्रे कार्डही धरावे, म्हणजे त्याच्या आधारे नंतर संगणकावर रंग अचूक जुळवता येतात.

प्रत्येक साडीचे तीनच फोटो ठरवावेत: पूर्ण उभा, पदराचा, आणि काठाचा जवळून. हा तिसरा फोटो महेश्वरीच्या बाबतीत टाळू नये, कारण दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ, ज्याला बुगडी म्हणतात, ही या साडीची ओळख आहे. काठाचा एक कोपरा उलटून दोन्ही बाजू एकाच चौकटीत दाखवाव्यात. बारीक चौकड्यांच्या विणीवर कॅमेऱ्यात कधी कधी लाटांसारखे खोटे पट्टे उमटतात. ते दिसले तर अंतर किंवा कोन किंचित बदलून पुन्हा टिपावे, संगणकावर ते पुसणे फार किचकट असते.

प्रकाशाची मांडणी सकाळी एकदा करावी आणि जमिनीवर टेप चिकटवून ती पक्की करावी. एका फ्लॅशसमोर मोठा पांढरा पडदा आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता एवढ्यात रेशीम-सुती पोत छान उठतो. फ्लॅश समोरून न देता बाजूने द्यावा, कारण समोरून दिल्यास जरीचे काम पांढरेफटक दिसते. दुकानातल्या ट्यूबलाइट बंद कराव्यात. दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की रंग बिघडतो, आणि रंग वेगळा निघाला म्हणून साडी परत आली, तर दोष आपल्या माथी येतो. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, भिंगाचे छिद्र एफ/8 आणि शटर 1/160 सेकंद ठेवले तर खोलीतला उरलासुरला उजेड फोटोत फारसा शिरत नाही.

बाहेरचे एक-दोन फोटो हवेच असतील, तर दिवस तिथूनच सुरू करावा. मॉडेलने पहिली साडी घरूनच नेसून यावे, म्हणजे एक नेसवणी वाचते. कृष्णपुरा छत्रीचा (होळकरांच्या स्मारकाचा) दगड आणि कोवळे ऊन यांची जोडी उत्तम जमते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून 44-45 अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ऊन बराच वेळ तिरपे मिळते. जूनमध्ये मात्र इथला सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा नऊनंतर बाहेर राहू नये. व्यावसायिक चित्रणाची परवानगी आधी विचारून ठेवावी. राजवाड्यासमोर गर्दी उसळण्याच्या आत परतावे. पोहे-जिलबीचा मोह दुकानात पार्सल मागवून भागवता येतो.

दुकानदाराने दिवसभर शेजारी उभे राहू नये, हे गोड शब्दांत आधीच सांगावे. पहिल्या दोन साड्यांचे फोटो लॅपटॉपवर दाखवून त्याचा होकार घ्यावा आणि नंतर थेट जेवणाच्या वेळी भेटावे. तेव्हाच भावाने सकाळच्या मेमरी कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत. संध्याकाळी दिवे आवरण्यापूर्वी साड्या दुकानदारासमोर मोजून, घड्या घालून परत कराव्यात आणि यादीवर त्याची सही घ्यावी; माझ्या एका कामात 39 भरल्या होत्या आणि चाळिसावी पडद्यामागे सापडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.