७४ वर्षांच्या बाबांना नव्या विंडोजची सवय लागेल का?

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे आहेत. गेली पंधरा वर्षं घरच्या डेस्कटॉपवर पत्रं, सोसायटीचे हिशेब, बँकेची कामं स्वतः करत आले. विंडोज १० चे अपडेट थांबले म्हणून दिवाळीत आम्ही त्यांना विंडोज ११ चा लॅपटॉप आणला. महिना झाला, ते त्याला हात लावत नाहीत. 'जुनाच बरा' एवढंच म्हणतात. या वयात नवी सिस्टीम जमते का? कसं शिकवावं?

उत्तर:

जमते. मी स्वतः ६९ वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षं विंडोज ११ वरच काम करते. पण तुमच्या बाबांची अडचण वयाची नसावी असं मला वाटतं. पंधरा वर्षांत त्यांच्या हाताला जे न बघता करता येऊ लागलं होतं, ते एका दिवसात गेलंय. नवशिक्याला काहीच ठाऊक नसतं, म्हणून दाखवाल ते तो घेतो. बाबांना सगळं ठाऊक आहे, पण आता ते जागेवर नाही. हे दुखणं वेगळं, म्हणून शिकवायची रीतही वेगळी.

मला हे कशावरून कळलं ते सांगते. १९७५ साली मी टायपिंगच्या क्लासला गेले, आधी इंग्रजी, मग मराठी. पुढे सरकारी कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर ती आधी उमटते. नंतर कॉम्प्युटरवर युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणारी अक्षरांची पद्धत, आणि भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आला. तिथे उच्चाराचा क्रम, आधी क आणि मग वेलांटी. बावन्नाव्या वर्षी मी इन्स्क्रिप्ट शिकायला बसले. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, मांडणी इतकी सुटसुटीत की आठवडाभरात पाठ झाली. पण वेलांटी? ती पुढचे तीन महिने आधीच पडत राहिली. स्क्रीनवर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आणि त्याला चिकटलेली वेलांटी दिसली की माझा जीव कासावीस व्हायचा. शेजारच्या टेबलावर नवी मुलगी होती, तिने टाइपरायटर पाहिलाही नव्हता. तिला असं एकदाही झालं नाही. तिच्या बोटांना काही विसरायचंच नव्हतं.

बाबांचंही हेच चाललं असणार. त्यामुळे त्यांना शिकवायच्या आधी लॅपटॉपच त्यांच्या हाताजवळ आणा. बरंचसं करता येतं.

सगळ्यात आधी स्टार्टचं बटण. १९९५ पासून ते खाली डाव्या कोपऱ्यात होतं. (मध्ये २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं, तेव्हा तरुण मंडळीही इतकी गोंधळली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणलं गेलं. तेव्हा कुणी वयाला दोष दिला नव्हता.) कोपऱ्याचा मोठा फायदा असा की माउस तिकडे नुसता ढकलला तरी बाण तिथे जाऊन अडतो. नेम धरावा लागत नाही. हात थरथरत असला, चष्म्याचा नंबर वाढला असला, तरी चुकत नाही. विंडोज ११ मध्ये हे बटण खाली मधोमध आलं, आणि मधोमध असल्यामुळे जितके जास्त प्रोग्रॅम उघडाल तितकं ते डावीकडे सरकतं. बाबा सकाळी जिथे क्लिक करतात, तिथे दुपारी ते नसतं. यावर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेव्हिअर्स, तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. बटण जुन्या जागी येतं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडतो.

मग डेस्कटॉप. तिथे 'धिस पीसी' दिसत नसेल तर पर्सनलायझेशनमधल्या थीम्समध्ये 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' आहे, तिथून आणा. उजव्या क्लिकचा मेनू आखूड झालाय, जुना पूर्ण मेनू 'शो मोअर ऑप्शन्स' च्या मागे आहे. शिफ्टचं बटण दाबून उजवी क्लिक केली की तो थेट उघडतो. कट-कॉपी-पेस्टची आता चित्रं झाली आहेत. नव्या आवृत्तीत चित्रांखाली नावं आली, पण पूर्वीच्या आवृत्तीत नुसती चित्रंच होती. बाबांच्या लॅपटॉपवर तसं असेल तर अपडेट करून घ्या. आणि उजवीकडची सरकपट्टी! विंडोज ११ मध्ये ती बारीक रेघ होऊन लपते, मग पान खाली आणखी आहे हेच माणसाला कळत नाही. ॲक्सेसिबिलिटीमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' चालू करा. ॲक्सेसिबिलिटीतच अक्षरांचा आकार आणि माउसच्या बाणाचा आकार वाढवता येतो. डबल क्लिकचा वेग माउसच्या सेटिंगमध्ये थोडा कमी करा. ही सगळी कामं अर्ध्या तासाची आहेत, ती त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारत करा. 'बाण एवढा दिसतो का? अजून मोठा करू?' हे विचारणं त्यातलं निम्मं काम आहे.

तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली असावी. बाबा डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर आले आहेत. म्हणजे माउस गेला आणि टचपॅड आलं, स्क्रीन लहान होऊन खाली गेला, आणि बऱ्याच लॅपटॉपवर उजवीकडचे आकडेही नसतात. सोसायटीचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताला ते आकडे पाठ असतात! ही तक्रार विंडोज ११ ची नाहीच. जुन्या डेस्कटॉपचा कीबोर्ड आणि माउस यूएसबीचे असतील तर लॅपटॉपला जोडा. जुना मॉनिटरही योग्य केबल किंवा ॲडॉप्टर लावून जोडता येतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' निवडलं, तर लॅपटॉप बाजूला मिटून ठेवला तरी चालेल. टेबल तेच, खुर्ची तीच, कीबोर्ड तोच, फक्त आतली सिस्टीम नवी. मी स्वतः असंच केलं, आणि एका दिवसात निम्मं परकेपण गेलं.

जुना कॉम्प्युटर घाईने उचलू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण त्यावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. तेवढे महिने दोन्ही यंत्रं शेजारी राहू द्या. एखादं बँकेचं काम अडलं आणि त्यांना जुन्यावर करावंसं वाटलं तर करू दे. परतीची वाट उघडी आहे हे कळलं की माणूस पुढे जायला घाबरत नाही. बंद केली तर सगळं लक्ष त्या बंद दाराकडे राहतं. (जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ते मोफत आहे, चांगलं आहे, मेनूही डाव्या कोपऱ्यात आहे. पण बाबांची जुनी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाहीत, आणि आता एकाऐवजी दोन नव्या गोष्टी होतील. मी नको म्हणेन.)

आता शिकवण्याकडे येते. माझी मुलगी मला शिकवायला बसली तेव्हा पहिले चार दिवस वाया गेले. ती फार प्रेमाने शिकवत होती, पण मी अडले की तिचा हात माझ्या हातावरून माउसवर यायचा, तीन क्लिक व्हायच्या आणि काम झालेलं असायचं. 'बघ, सोपं आहे गं आई.' मला मात्र काही दिसलेलंच नसायचं. शेवटी मी तिला सांगितलं, तू माझ्या डाव्या बाजूला बस आणि हात मांडीवर ठेव. आणि 'सोपं' हा शब्द बोलू नकोस. अवघड गोष्ट जमली नाही तर माणसाला वाईट वाटत नाही. सोपी म्हणून सांगितलेली गोष्ट जमली नाही, की आपलं डोकंच गेलं अशी भीती बसते. आमच्या वयात ती भीती आधीच मनात कुठेतरी असते, एखादं नाव पटकन आठवलं नाही तरी ती जागी होते. तुमचे बाबा 'जुनाच बरा' म्हणतात तेव्हा कदाचित हेच बोलत असतील.

वही करायला सांगा, पण लिहायची त्यांनी, त्यांच्या शब्दांत. मुलीने मला सुंदर टाइप करून पानं दिली होती, ती मी एकदाही उघडली नाही. माझ्या वहीत पानाचं नाव 'फाइल मॅनेजमेंट' नाही, 'इतिवृत्त गेल्या महिन्याचं काढून नवं लिहिणे' असं आहे. खाली सात ओळी. कॉम्प्युटरची रचना मला शिकायची नव्हतीच, मला माझी पाच कामं करायची होती. बाबांची कामंही मोजून पाच-सहाच असतील. रोज एकच घ्या. सकाळचा अर्धा तास पुरतो. रात्री जेवणानंतर, डोळे दमलेले असताना बसू नका.

आणि कंट्रोल-झेड, म्हणजे नुकतं केलेलं परत फिरवणं, पहिल्याच दिवशी शिकवा. मुद्दाम एक परिच्छेद उडवा, परत आणा. एक फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधून परत घ्या. त्यांच्या हाताने दहा वेळा करू दे. आमच्या पिढीची भीती वेडेपणाची नाही. आम्ही डॉसवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालणाऱ्या जुन्या सिस्टीमवर शिकलो, तिथे एक आज्ञा चुकली की फ्लॉपीवरचं महिन्याचं काम जायचं आणि साहेबांसमोर उभं राहावं लागायचं. चूक परत फिरवता येते हे आम्हाला कुणी सांगून पटत नाही, हाताने करून पाहावं लागतं.

चौकशी करून ठेवा अशी एक गोष्ट. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीशी जोडलेले असतात. मोफत जागा ५ जीबी. फोटो टाकले की ती भरते आणि इशारे येऊ लागतात. बाबांना वाटेल आपण काहीतरी बिघडवलं. वनड्राइव्ह ठेवायचं की नाही हे आधीच ठरवा आणि फाइल नक्की कुठे राहते ते त्यांना एका वाक्यात सांगा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फसवणूक. सिस्टीम नवी असली की खरा इशारा कोणता आणि खोटा कोणता हे ओळखू येत नाही, आणि या काळातच माणूस फसतो. स्क्रीनभर लाल सूचना, भोंगा, आणि 'या नंबरवर फोन करा'. त्यांना एवढं ठाम सांगा की खऱ्या विंडोजच्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. असं दिसलं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद पडेपर्यंत. कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हा आकडा माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे.

किती दिवस लागतील? मला न बघता हात चालायला सहा आठवडे लागले. दुसऱ्या आठवड्यात मी लॅपटॉप मिटून ठेवला होता आणि चार दिवस उघडला नाही. बाबांचंही तसं होईल, तेव्हा त्यांना आग्रह करू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादं खरं काम निघतं, कुणाला पत्र, कुणाला पैसे, आणि माणूस आपणहून बसतो.

शेवटी, हे मात्र आजच करा. बाबांची जुनी मराठी पत्रं कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते पाहा. पंधरा वर्षांपूर्वी घरोघरी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट असत, ते युनिकोड नव्हेत. ती फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कदाचित त्यांनी एकदा उघडून पाहिलीही असेल, आपली सगळी पत्रं गेली असं समजून गप्प बसले असतील. पत्रं गेलेली नसतात, फक्त फॉन्ट तिथे नसतो. जुन्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स हा फोल्डर आहे. त्यातले मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवर बसवा, अक्षरं परत दिसतील. नवं लिहायला विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक आहेत. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. बाबांचा हात टाइपरायटरचा असेल तर त्यांना इन्स्क्रिप्टच्या मागे लावू नका. सी-डॅकच्या जिस्ट टायपिंग टूलमध्ये टाइपरायटरची मांडणी मिळते आणि लिहिलेलं युनिकोडमध्येच उमटतं. तिथे वेलांटी आधी मारली तरी चालते.