तिला काय कळतंय?

"पाळकसाहेब, चार महिन्यांच्या पोरीला काय कळतंय? हा बाप्तिस्मा तिचा, की माझ्या सासूबाईंचा?"

विचारणारा नवरा; शेजारी त्याची बायको. नगरकडचं जोडपं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघंही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली. नवऱ्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, पण कॉलेजात प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये त्याचा विश्वास जागा झाला आणि त्याने विहिरीच्या पाण्यात बुडी घेऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता मुलीवरून घरात अबोला. सासूबाईंची धास्ती वेगळीच: पोर बाप्तिस्म्याविना गेलं तर?

ती धास्ती मी आधी काढली. पाणी लागलं नाही म्हणून देव लेकराला लोटून देत नाही, आणि नुसत्या भीतीपोटी मी बाप्तिस्मा देणार नाही, असं सांगितलं. जावई जरा सैल होऊन बसला.

मग त्याचा प्रश्न. अमुक बाळाचा बाप्तिस्मा झाला, असं वाक्य नव्या करारात नाही, हे मी कबूल केलं. (आम्ही पाळक हे झाकतो, म्हणून तरुण पोरं आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत.) पण अब्राहामाचं बघा, म्हटलं. त्याने आधी विश्वास ठेवला, सुंता नंतर. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (४:११) त्या सुंतेला विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणतो. आणि तोच शिक्का इसहाकाला आठव्या दिवशी लागला, देवाच्याच आज्ञेने. विश्वासाची खूण, आणि ती विश्वास म्हणजे काय हे न कळणाऱ्या बाळाला! पुढे पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, प्रेषित पेत्र म्हणाला, हे वचन तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना आहे. समोर सगळे यहूदी. आजवर अब्राहामाशी केलेल्या देवाच्या करारात असलेली मुलं आता बाहेर काढली, असं त्यातल्या कुणाला वाटलं असेल?

"पण तर्तुल्यनाने विरोध केला होता," तो म्हणाला. तर्तुल्यन म्हणजे आरंभीच्या मंडळीतला एक लेखक. अभ्यास करून आला होता.

"केला होता, साधारण २०० साली. लहान मुलांना थांबवा म्हणाला. थांबवा कधी म्हणतात? चालू असेल तेव्हाच ना?"

तो हसला, पण पटलं नव्हतं. "माझं तर लहानपणीचं पाणी वाया गेलं ना?"

खरी गाठ इथे होती. मी त्याला पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, बरोबर दोन वर्षांच्या मनोरमेचाही. रमाबाई केवढ्या विदुषी. तरी पुढे त्यांनीच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. मोठ्या माणसाचंही पाणी आधी आणि उमज मागून, असं होतं. बाप्तिस्म्यात पहिला शब्द देवाचा असतो. तुम्ही कॉलेजात दिलेलं उत्तर खरंच होतं, पण हाक तुमच्या तान्हेपणीच आली होती.

तो गप्प झाला. मी विचारलं, "मुलीला रात्री काय म्हणून निजवता?"

बायकोच बोलली. "हेच म्हणतात रोज, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. तिचे हात जोडून."

"आमच्या? ती अजून बाहेरची असेल, तर त्या 'आमच्या'त ती कशी?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मी हेही सांगितलं की १९७० साली नागपूरला सीएनआय झाली तेव्हा स्वतः कबुली देणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही त्यात आले, म्हणून आपल्याकडे दोन्ही रीती मान्य आहेत. आज मुलीला प्रार्थनेने देवाला नुसतं समर्पण करून ती स्वतः कबुली देईपर्यंत थांबलात तरी चालेल. बायको चिडली. "मग इतका वेळ कशाला घालवलात, पाळकसाहेब?"

"कारण हे थांबणार होते ते तुमची बाजू नुसती रूढी आहे असं समजून."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. बाप्तिस्म्याच्या वेळी वचन आईबापांनीच द्यायचं ना, सासूबाईंनी नाही? मी म्हटलं, तुम्ही दोघांनीच, मंडळीसमोर. मग जरा घुटमळून म्हणाला, "डिसेंबर आहे. पाणी कोमट करून ठेवाल ना?"