आईला सोडणं म्हणजेच वधस्तंभ का?

मावशी, सप्रेम सलाम.

मी 27 वर्षांची. आमचं गाव नगर जिल्ह्यात, आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती मंडळीत. बाबा नाहीत. आईचे गुडघे गेलेत, भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार 26 हजार. त्यातले 9 हजार घरी जातात. दोन वर्षांपासून एका फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या गटात, जाते. तिथे मला खरोखर प्रार्थना करायला शिकवलं. पण आता आमचे ब्रदर म्हणतात, समर्पित शिष्य व्हायचं तर नोकरी सोड, एक वर्ष प्रशिक्षणाला ये, सगळ्यांबरोबर राहा. गावाकडचं चर्च नामधारी आहे, आईशी बोलणं कमी कर, तिच्यामुळे तू मागे पडतेस. बायबलमधला लूक 14 दाखवतात, आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही. या महिनाअखेर उत्तर द्यायचंय. ऑफिसात साहेबांची न झालेल्या प्रवासाची व्हाउचर्स करत बसण्यापेक्षा प्रभूचं काम बरं, असंही वाटतं. पण आईचा फोन आला की रडू येतं. मी अर्धवट शिष्या आहे का?

– एक अर्धवट शिष्या

---

अगं पोरी, सलाम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या त्या ब्रदरांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुझाही थोडा आला. तुझं काय ते शेवटी सांगते.

आधी लूक 14. ते वचन मऊ करून सांगणारी मी नाही. येशूने ते गर्दीकडे वळून म्हटलंय, आणि लगेच बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिलाय. बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाहीतर पाया घालून थांबशील आणि लोक हसतील. म्हणजे शिष्य होण्याला किंमत आहे, यात वाद नाही. पण ‘द्वेष’ हा शब्द पवित्र शास्त्रात कसा वापरलाय तेही बघ. उत्पत्तीत लेआ नावडती होती असं येतं, तिथे मूळ शब्द द्वेषाचाच आहे आणि अर्थ एवढाच की याकोबाची राहेलीवर जास्त माया होती. मत्तय तेच वचन 10 व्या अध्यायात देतो तेव्हा सरळ म्हणतो, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो. पहिली जागा कुणाची, एवढाच प्रश्न आहे. आईचा फोन उचलू नको, असं त्यात कुठे लिहिलंय?

आता मार्क 7 उघड. हा उतारा तुला फेलोशिपमध्ये कुणी दाखवला नसणार, पैज लावते. त्या काळी लोकांनी एक पळवाट काढली होती. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करायचं आणि मोकळं व्हायचं. येशूने त्यांना काय सुनावलं ते वाच. तुमच्या रूढीने तुम्ही देवाचं वचन रद्द करता, म्हणाला. तुझ्या 9 हजारांचं प्रशिक्षण झालं की ते कुर्बानच होणार ना? तोच येशू वधस्तंभावर टांगलेला असताना आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. शिष्याला त्या दिवशी मिळालेलं काम हे होतं.

पेत्राने आपली मासेमारीची जाळी सोडली म्हणून सगळ्यांनीच सगळं सोडायचं असतं, असं आपल्याकडे फार ठासून शिकवतात. शुभवर्तमानात तसं दिसत नाही. कबरांमध्ये राहणारा तो भुतांनी झपाटलेला माणूस आठव. बरा झाल्यावर तो विनवतो, मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू त्याला नेत नाही. घरी आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग, म्हणतो. मार्था आणि मरिया बेथानीतच राहिल्या. त्यांच्या घरी तो जेवायला जायचा. शिष्य या शब्दाचा मूळ अर्थ शिकणारा. कुणाला रस्त्यावर शिकवलं, कुणाला घरी.

‘कव्हरिंग’, म्हणजे वरच्या माणसाच्या छत्राखाली राहणं, हा शब्दही तुझ्या कानांवर आला असेलच. हे काही पुण्यात उगवलेलं नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पाच नावाजलेल्या शिक्षकांनी अशी पद्धत चालवली होती. प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक मेंढपाळ, आणि लग्न, नोकरी, घर बदलणं, सगळं त्याला विचारून. हेतू वाईट नव्हता, लोकांना शिस्त हवी होती. पण माणसं पिचली, घरं फुटली. पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली. मत्तय 23 मध्ये येशूने आधीच बजावलं होतं, तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. तुमचे ते ब्रदर स्वतःला ब्रदर म्हणवतात खरे!

आपल्या घरातलंच उदाहरण घे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, रविवारी त्यांचं गीत गायल्याशिवाय आमची उपासना होत नाही. तरी सांगते, त्या दिवशीच्या त्यांच्या शिष्यत्वाची मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. काय भोगलं ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि तेही हसत हसत. पण पुढचा भाग बघ. त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं सांभाळून, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. तारीख दिली नाही. बाई आपल्या पायांनी चालत आली तेव्हाच तिचा बाप्तिस्मा झाला. तुला मात्र महिनाअखेरची मुदत! देवाच्या हाकेला अंतिम तारीख लावणाऱ्या माणसापासून चार पावलं लांब राहावं, असं माझं म्हातारीचं मत.

वधस्तंभ ‘दररोज’ उचलायचा, असं लूक 9 मध्ये आहे. आणि तो स्वतःचा. तुझ्या बेतात तो आईच्या खांद्यावर जातोय, तेही तिचे गुडघे असे असताना. भावाची फी कोण भरणार, हे त्या ब्रदरांनी विचारलं का? तू तरी त्यांना विचारलंस का?

आता तुझं. पत्राच्या शेवटी अर्ध्या ओळीत तू लिहिलंस, न झालेल्या प्रवासाची व्हाउचर्स. पटकन लिहून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले. दोन वर्षं तुझा दशमांश (मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा), तुझा फोन, तुझी आई सगळं तपासलं गेलं, आणि याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही? पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना येशू काय म्हणाला, ते त्याच 23 व्या अध्यायात आहे. आणि यरीहोचा जक्कय तर तुझ्याच खात्याचा, पैशांच्या हिशेबाचा माणूस. त्याला येशूने नोकरी सोड म्हटल्याचं लिहिलेलं नाही. जक्कय स्वतःच उठून म्हणाला, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो.

बुरुजाचा हिशेब तिथे कर. साहेबांना एकदा शांतपणे सांग, यापुढे खोटी व्हाउचर्स माझ्या हातून होणार नाहीत. आरडाओरडा नको, साक्ष द्यायलाही जाऊ नकोस. कदाचित ते हसतील. कदाचित इन्क्रिमेंट जाईल, बदली होईल, नोकरीही जाईल. म्हणून आधी तीनेक महिन्यांचा खर्च बाजूला टाक, दुसरीकडे अर्ज करून ठेव. भावाला विश्वासात घे, तो काही लहान नाही. आईलाही सांग. बघ ती काय म्हणते, मला वाटतं तुझ्यापेक्षा ती खंबीर निघेल.

ब्रदरांना उत्तर एका वाक्यात दे. मी रविवारी येईन, प्रार्थनेला येईन, प्रशिक्षणाला येणार नाही. तुला तिथे प्रार्थना शिकवली, ते ऋण आहेच, ते मान. त्यांनी ‘ठीक’ म्हटलं तर जात राहा. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, बाकीच्यांनाही टाकायला लावलं, तर मग दुसरी मंडळी शोध. पुण्यात चर्चला तोटा नाही.

नाताळला गावी जाशील तेव्हा त्या ‘नामधारी’ चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचार, त्यांच्या आज्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाच्या विहिरीवर काय झालं होतं. त्या गोष्टी नीट लिहून घे.

आणि व्हाउचरांचं काय झालं ते कळव.

– मावशी